पादशोथ, कोंबड्यांचा

कोंबडीच्या तळपायाची गादी, बोटे, नळी अथवा घोटा यांना इजा, जंतुसंसर्ग, परजीवी, अन्नघटकांची न्यूनता किंवा चयापचयातील बिघाड यांमुळे येणाऱ्या दाहयुक्त सुजेस व्यापक अर्थाने पादशोथ म्हणतात. संकुचित अर्थाने ही संज्ञा तळपायाच्या गादीवर होणाऱ्या पुवाच्या गळवास लावतात. या गळवाला इंग्रजीतून आलेले ‘बंबलफूट’ हे नाव पशुवैद्यांत रूढ आहे. शिकारी ससाणे पाळणाऱ्यांना हा विकार फार पूर्वीपासून परिचित होता. मोठ्या कुक्कुटशाळांत तो ओल्या बिछान्याशी निगडित असतो, तर परसात मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्यांत बहुधा काटा, खडा किंवा उंचावरून मारलेली उडी हे त्याचे मूळ असते. सूज हे लक्षण आहे, रोग नव्हे. दिसायला सारख्या असणाऱ्या निरनिराळ्या सुजांवरील उपाय परस्परविरुद्ध असल्यामुळे चिरा देणे किंवा औषध पाजणे यांपूर्वी सुजेचे कारण ठरविणे आवश्यक असते.

परसातील कुक्कुटपालनाचे महत्त्व अलीकडे कमी झालेले नाही. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार भारतातील सु. ८५ कोटी कोंबड्या व इतर पाळीव पक्ष्यांपैकी सु. ३१·७ कोटी परसातील होते व मागील गणनेच्या तुलनेत त्यांची संख्या ४५ टक्क्यांहून अधिक वाढली होती. नाशिक जिल्ह्यात सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी, कळवण या आदिवासीबहुल तालुक्यांतील कोकणा, महादेव कोळी, वारली आदी समाजांत घरटी काही गावरान कोंबड्या असणे नित्याचे आहे. त्यांची निगा प्रायः स्त्रिया राखतात आणि आठवडे बाजारात कोंबडी किंवा अंडी विकून आलेला पैसा घरखर्चाच्या तातडीच्या गरजांना उपयोगी पडतो. गावरान कोंबडी वर्षाला साधारण ५० ते ८० अंडी देते. पाय दुखू लागलेली कोंबडी चरणे कमी करते, कळपात मागे पडते, अंडी देणे थांबविते आणि खुराड्यापर्यंत वेळेवर न पोहोचल्याने कोल्ह्या-मुंगसाच्या तावडीत सापडते. एका कोंबडीसाठी दूरच्या दवाखान्यापर्यंतचा प्रवासखर्च तिच्या किंमतीच्या मानाने जड वाटतो आणि म्हणूनच घरच्या घरी उपाय होण्याजोगी पहिली अवस्था ओळखता येणे येथे विशेष मोलाचे ठरते.

पायाची रचना : कोंबडी बोटांवर उभी राहते. तिच्या पायाला बहुधा चार बोटे असतात, तीन पुढे व एक मागे. बोटांच्या सांध्यांखाली लहान गाद्या व सर्व बोटे जेथे एकत्र येतात तेथे एक मोठी मध्यवर्ती गादी असते. शरीराचा जवळजवळ सर्व भार या गाद्यांवर येतो. गादीची त्वचा जाड व खवल्यांची असली, तरी तिच्या खाली स्नायू नसून चरबी व तंतुमय ऊतक (समान रचना व कार्य असलेला पेशीसमूह) असते आणि त्याला लागूनच बोटे वाकविणाऱ्या कंडरा व सांधे असतात. त्यामुळे गादीत शिरलेला संसर्ग थोड्याच अवधीत कंडरेच्या आवरणापर्यंत व पुढे हाडापर्यंत जाऊ शकतो. घोटा म्हणजे नळीच्या वरचा सांधा होय. पुष्कळांना तो गुडघा वाटतो, परंतु खरा गुडघा पिसांखाली झाकलेला असतो.

कारणे : गळवातून बहुतेक वेळा स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू मिळतो. स्कॉटिश शल्यचिकित्सक ॲलेक्झांडर ऑगस्टन यांनी या वर्गातील जंतू १८८० मध्ये माणसाच्या पुवात प्रथम ओळखले. हा जंतू निरोगी कोंबडीच्या व माणसाच्या त्वचेवरही वास करतो, पण अखंड त्वचेतून तो आत शिरू शकत नाही. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जननिक अभ्यासात असे दिसून आले की, मांसल कोंबड्यांत आढळणाऱ्या या जंतूच्या बहुसंख्य वाणांचा उगम सु. चार दशकांपूर्वी माणसाकडून कोंबडीत गेलेल्या एकाच वंशात आहे. कोंबडीचा रोग माणसाला होतो, ही भीती सर्वश्रुत आहे. येथे प्रवास उलट दिशेने झालेला दिसतो.

जंतूला वाट करून देणारी इजा परिसरानुसार बदलते. नाशिक जिल्ह्याच्या पूर्व भागात येवला, नांदगाव, मालेगाव, सिन्नर या बाजूला पाऊस कमी, जमीन मुरमाड व बाभूळ-बोरीचे काटे विपुल. तेव्हा तेथे काटा मोडून आत राहणे व दगडाने गादी ठेचणे यांचा संभव अधिक. द्राक्षबागांच्या पट्ट्यात मांडवाच्या तारांचे तुकडे व बांधणीच्या सुतळ्या जमिनीवर पडलेल्या असतात. पश्चिमेकडील घाटमाथ्यावर परिस्थिती निराळी असते. इगतपुरीस वर्षाला सु. ३,००० मिमी. वा त्याहून अधिक पाऊस पडतो. पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे खुराड्यातील जमीन ओली राहते, विष्ठेतून अमोनिया सुटतो आणि त्याने भिजून मऊ झालेली गादीची त्वचा काटा न लागताही सोलवटते.

शरीराचे वजन हेही एक कारण आहे. गावरान कोंबडी हलकी असते व झाडाच्या फांदीवरून तिला सहज उतरता येते. बंगळूर येथे विकसित झालेली गिरिराज किंवा हैदराबाद येथे विकसित झालेली वनराज या सुधारित जाती परसासाठीच असल्या, तरी वजनाने बऱ्याच भारी आहेत. त्यांना गावरान कोंबड्यांसाठी बांधलेल्या उंच दांडीवर बसविले, तर रोज पहाटेच्या उडीचा आघात गादीवर पडतो. म्हणून भारी कोंबड्यांत, विशेषतः कोंबड्यांपेक्षाही भारी असलेल्या नरांत, हा विकार अधिक आढळतो.

आहारातील अ जीवनसत्त्वाच्या न्यूनतेमुळे त्वचा व श्लेष्मल आवरणे दुबळी होतात आणि जखमा भरण्यास विलंब लागतो. तांदळाची कणी, नागली व वरई यांत या जीवनसत्त्वाचे पूर्वद्रव्य असलेले कॅरोटीन नगण्य असते. चरण्यास हिरवळ असेपर्यंत ही उणीव भासत नाही. उन्हाळ्यात किंवा कोंबड्या कोंडून ठेवाव्या लागल्यास ती भासू लागते. बायोटिन या जीवनसत्त्वाच्या अभावी लहान पिलांच्या तळपायांना भेगा पडतात.

लक्षणे व अवस्था : प्रारंभी गादीचा एखादा भाग गुळगुळीत, तांबूस व किंचित उष्ण लागतो. त्या ठिकाणची खवल्यांची नक्षी पुसलेली दिसते. कोंबडी या अवस्थेत लंगडतेच असे नाही. पुढे तेथे तपकिरी वा काळी खपली धरते, गादी फुगते, बोटे एकमेकांपासून फाकतात व कोंबडी तो पाय उचलून धरते. तिसऱ्या अवस्थेत सूज बोटांच्या वरच्या बाजूस व नळीकडे चढते. कंडरा, सांधा किंवा हाड बाधित झाल्याची ही खूण होय. एका पायावर भार टाकून राहिल्याने दुसऱ्या पायातही गळू होण्याचा संभव असतो. यास्तव दोन्ही तळपाय नेहमी तपासावेत. महिन्यातून एकदा संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात शिरताना त्यांचे तळपाय पाहण्याची सवय असली, तर बहुतेक गळवे पहिल्याच अवस्थेत सापडतात.

रोगनिदान : सूज नेमकी कोठे आहे, एका पायाला आहे की दोन्ही, एका कोंबडीला आहे की अनेकींना, हे तीन प्रश्न प्रथम विचारावेत. एकाच कोंबडीच्या एकाच गादीवर काळी खपली असेल, तर ते बहुधा गळूच असते. अनेक कोंबड्यांचे घोटे व गाद्या एकाच सुमारास सुजल्या, तर मायकोप्लाझ्मा सायनोव्ही या सूक्ष्मजंतूमुळे होणाऱ्या सांसर्गिक संधिशोथाचा संशय घ्यावा लागतो. तो अंड्यातून पिलांतही उतरतो. म्हणून अशा कळपातील अंडी उबवणीस ठेवू नयेत. मांसल जातींत रिओ विषाणूमुळे घोट्यामागील कंडरा सुजतात.

नळीवरील खवले उचलले जाऊन त्यांखाली पांढरट, चुन्यासारखी पुटे साचली असतील व पाय खडबडीत आणि जाड दिसत असेल, तर ती खवल्यांची खरूज होय. नेमिडोकॉप्टीस म्यूटन्स ही अर्ध्या मिलिमीटरहून लहान कीड खवल्यांखाली बिळे करून राहते. तिचे संपूर्ण जीवनचक्र कोंबडीच्या अंगावरच पूर्ण होते व संपर्काने ती पसरते. खुडूक कोंबडीकडून पिलांना तिची बाधा सहज होते. उपचार न झाल्यास बोटे वाकडी होऊन झडतात.

सांध्यांभोवती पांढऱ्या, घट्ट गाठी आढळल्यास संधिवाताचा एक प्रकार असलेला गाउट हा विकार असू शकतो. मूत्रपिंडे निकामी होऊन यूरिक अम्लाची लवणे सांध्यांत साचल्याने तो होतो. अशी गाठ फोडल्यास खडूसारखा लगदा व रक्त येते, पू येत नाही आणि कोंबडीचा त्रास वाढतो. मूत्रपिंडे बाधित असताना मीठ किंवा अधिक प्रथिनयुक्त खाद्य देणे घातक ठरते.

बोटाच्या टोकाकडील भागच सुजून निळा-काळा पडला असेल, तर सुजेच्या वरच्या कडेशी दोरा रुतला आहे का, हे भिंगातून पहावे. येवल्यात मकरसंक्रांतीस पतंगांचा मोठा उत्सव होतो व त्यानंतर कित्येक दिवस झाडांवर, छपरांवर व अंगणांत मांजाचे तुकडे विखुरलेले राहतात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये नायलॉनच्या मांजावर देशभर बंदी घातली असली, तरी तो वापरातून पूर्णपणे गेलेला नाही. कोंबडीच्या बोटाभोवती तो गुंडाळला गेला की चालताना आवळत जातो व रक्तपुरवठा तोडतो. लांब केस, सुतळीचा धागा यांनीही असेच होते. बारीक कात्रीने धागा कापून काढणे हाच उपाय असतो आणि तो पहिल्या दिवशी केला, तर बोट वाचते.

पाय लुळा पडला, पण सूज मुळीच नाही, अशा वेळी विकार पायाचा नसून चेतातंत्राचा (मज्जासंस्थेचा) समजावा. मारेक रोगात एक पाय पुढे व एक मागे ताणलेला असतो. ग्रामीण भागात मानमोडी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या राणीखेत रोगात मान वाकडी होते व हिरवट हगवण लागते [⟶ राणीखेत रोग].

येथे एक इशारा आवश्यक आहे. नळीवर व पायांवर तांबडे-जांभळे रक्तस्रावाचे डाग, तुरा व गलोल निळसर होऊन सुजणे आणि त्यासोबत अनेक कोंबड्यांचा अचानक मृत्यू ही अतिरोगकारक पक्षी-इन्फ्ल्यूएंझाची लक्षणे असू शकतात. भारतातील या रोगाचा पहिला उद्रेक नाशिक विभागातीलच नंदुरबार जिल्ह्यात नवापूर येथे फेब्रुवारी २००६ मध्ये जाहीर झाला व २०२१ मध्ये तेथे तो पुन्हा उद्भवला. अशा वेळी पायाला हात लावू नये, मेलेल्या कोंबड्या उघड्यावर टाकू नयेत, कापून खाऊ नयेत व पशुवैद्यकीय दवाखान्यास तत्काळ कळवावे. प्राण्यांतील संक्रामक व सांसर्गिक रोगांचा प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, २००९ यानुसार अशी सूचना देणे मालकाचे कर्तव्य आहे. अंतिम निदान भोपाळ येथील अतिसुरक्षित प्रयोगशाळेत केले जाते.

उपचार : पहिल्या अवस्थेत, म्हणजे खपली धरण्यापूर्वी, शस्त्राची गरज नसते. कोंबडी कोरड्या, मऊ बिछान्यावर वेगळी ठेवावी. कोमट पाण्यात (१ लि. पाण्यास सु. ९ ग्रॅ. मीठ) पाय दहा-पंधरा मिनिटे बुडवून धरावा, कोरडा करावा व पोव्हिडोन आयोडिनाचा फिकट चहाच्या रंगाइतका सौम्य विद्राव लावावा. दिवसातून एकदा असे केल्यास सूज बहुधा काही दिवसांत उतरते. मिठाऐवजी एप्सम लवणही चालते, परंतु ते रेचक असल्याने कोंबडी ते पाणी पिणार नाही, याची दक्षता घ्यावी. काटा दिसत असल्यास भिजवून मऊ झालेल्या त्वचेतून तो उकळून घेतलेल्या चिमट्याने काढावा.

खपली व गाठ तयार झाल्यानंतरचा उपचार मनुष्याच्या गळवावरील उपचाराप्रमाणे करता येत नाही आणि घरगुती उपायांची बहुतेक फसगत येथेच होते. सस्तन प्राण्यांच्या पांढऱ्या पेशींतील एंझाइमे मृत ऊतक विरघळवितात; म्हणून त्यांचा पू पातळ असतो व चीर दिली की वाहून जातो. पक्ष्यांत हे काम करणाऱ्या हेटरोफिल पेशींत ही क्षमता नसल्यामुळे पू घट्ट, पिवळसर, भुसभुशीत गोळ्याच्या रूपात साचतो व शरीर त्याभोवती तंतुमय कोश बांधते. हा गोळा दाबून बाहेर येत नाही. दाबल्याने कोश फुटून जंतू कंडरेच्या आवरणात मात्र पसरतात. पोटिसाने तो पिकतही नाही. कोशात रक्तवाहिन्या नसल्याने पाजलेले प्रतिजैव औषध गोळ्यापर्यंत पोहोचत नाही. परिणामी औषधाने सूज थोडी उतरते व औषध बंद होताच पुन्हा येते. यावरचा उपाय म्हणजे खपलीसह संपूर्ण गोळा शस्त्रक्रियेने काढणे, पोकळी निर्जंतुक लवण विद्रावाने धुणे व ती तळापासून भरून येऊ देणे हा होय. गादीत वेदना जाणवत असल्याने ही क्रिया पशुवैद्याने भूल देऊन करावी. दाढीच्या पात्याने केलेल्या अशा ‘शस्त्रक्रियेत’ कंडरा तुटून बोट कायमचे निकामी होण्याचा धोका असतो.

गोळा काढल्यानंतरची निगा घरीच घ्यावयाची असते व यश तिच्यावरच अवलंबून राहते. जखमेवर स्वच्छ जाळीदार कापड, त्यावर कापसाची घडी व बोटांच्या मधून फिरविलेली पट्टी बांधतात. पट्टी इतकी घट्ट नसावी की बोटे सुजतील. ती दर एक-दोन दिवसांनी आणि भिजल्यास लगेच बदलावी. जखम भरण्यास दोन-तीन आठवडे, क्वचित अधिक काळ लागतो. तोपर्यंत कोंबडीला उंच दांडी देऊ नये. गादीवर भार येऊ नये म्हणून पट्टीखाली मऊ कापडाचे कडे बसविल्यास जखम लवकर भरते. हायड्रोजन पेरॉक्साइड वारंवार वापरल्यास नव्याने भरणारे ऊतकच जळते. द्राक्षबागेतील बोर्डो मिश्रणासाठी पुष्कळ शेतकऱ्यांच्या घरी मोरचूद असते. ते उघड्या जखमेवर टाकणे दाहक असून पोटात गेल्यास विषारी आहे.

खवल्यांच्या खरजेवर रॉकेल लावण्याची रीत जुनी आहे. त्याने कीड मरते, पण त्वचाही भाजते. पाय कोमट साबणाच्या पाण्यात भिजवून, मऊ कुंचल्याने सुटतील तेवढीच पुटे काढून त्यावर खोबरेल, करंजेल किंवा पेट्रोलियम जेलीचा जाड थर द्यावा. तेलाने बिळे बंद होऊन कीड गुदमरते. आठवड्यातून एक-दोनदा असे निदान चार आठवडे करावे व एकीला बाधा असली, तरी सर्व कोंबड्यांवर करावे. घट्ट चिकटलेले खवले ओढू नयेत. आयव्हरमेक्टिनाचा उपयोग पशुवैद्याच्या सल्ल्यानेच करावा.

या सर्व कामांत हातमोजे वापरावेत आणि पाय धुण्याचे भांडे स्वयंपाकाच्या भांड्यांपासून निराळे ठेवावे. गळवातील जंतूचे काही वाण अन्नात वाढून विष निर्माण करतात व ते विष उकळल्यानेही पूर्णपणे नष्ट होत नाही.

प्रतिबंध : बसण्याची दांडी ४ ते ५ सेंमी. रुंद, कडा गोलसर केलेली व भारी कोंबड्यांसाठी जमिनीपासून सु. ४५ सेंमी.हून उंच नसलेली असावी. चिरफाळलेला बांबू तळपायास कापतो. तेव्हा कुसे तासून घ्यावीत. दांडीखाली भाताचे तूस किंवा लाकडाचा भुसा अंथरावा. पावसाळ्यात तो वरचेवर उलथून ओला भाग काढून टाकावा. घाटमाथ्यावर खुराड्याची जमीन एक वीतभर उंच करून घेतल्यास निम्मे काम होते. सणानंतर अंगणातील मांजा वेचून जाळण्यापेक्षा बंद डब्यात साठवून कचऱ्यात देणे बरे. हिरव्या खाद्यासाठी शेवग्याचा पाला, लसूणघास, तसेच नाशिकच्या भाजीबाजारात उरणारी कोथिंबीर व मेथी स्वस्तात मिळते. फवारणीचा अंश असण्याचा संभव लक्षात घेऊन ती धुऊन घालावी.

औषधांचे अवशेष : परसातील अंडी प्रथम घरातील मुले खातात. प्रतिजैव औषधे अंड्यात उतरतात. यास्तव उपचार चालू असताना व त्यानंतर पशुवैद्याने सांगितलेल्या मुदतीपर्यंत अंडी व मांस खाऊ अगर विकू नये. औषध शक्यतो पुवाच्या नमुन्याची जंतुपरीक्षा करून निवडावे. माणसाच्या उपचारातील अखेरचे साधन समजले जाणारे कोलिस्टीन हे औषध अन्नोत्पादक प्राण्यांत वापरण्यास भारतात जुलै २०१९ पासून बंदी आहे.

वेदनाशामकांच्या बाबतीतही मनमानी नको. डायक्लोफिनॅकाचा पशूंसाठी वापर २००६ पासून, तर ॲसिक्लोफिनॅक व कीटोप्रोफेन यांचा २०२३ पासून निषिद्ध आहे. डायक्लोफिनॅक दिलेल्या जनावरांची शवे खाऊन भारतातील गिधाडे मूत्रपिंडे निकामी होऊन मोठ्या संख्येने मेली. त्र्यंबकेश्वर तालुक्यातील अंजनेरीच्या कड्यांवर अद्याप गिधाडांची घरटी आहेत. कोंबडीसारखे लहान शव त्यांच्या वाट्याला क्वचितच येत असेल, परंतु तेच औषध कोंबडीच्याही मूत्रपिंडांना मारक आहे. पाय दुखतो म्हणून माणसाच्या गोळीचा तुकडा भरविलेली कोंबडी गळवाने नव्हे, तर वर वर्णिलेल्या गाउटच्याच अंतर्गत प्रकाराने मरू शकते. औषध दिलेली कोंबडी मेल्यास ती कुत्र्यांना न टाकता सु. १ मी. खोल खड्ड्यात चुना घालून पुरावी.